आहार आणि मनःस्थिती : 'हॅपी हार्मोन' या शब्दामागचा इतिहास

खाण्याचा मनावर परिणाम होतो, हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. वाद आहे तो कसा होतो आणि किती होतो, यावर. ग्रीक वैद्यकात उदासीनतेचे खापर काळ्या पित्तावर फोडले जाई. 'मेलँकोलिया' या शब्दाचा मूळ अर्थच काळे पित्त. दुसऱ्या शतकातल्या एका मोठ्या वैद्याने हे पित्त वाढवणाऱ्या पदार्थांची यादी दिली आहे, आणि तीत बैलाच्या मांसाबरोबर कोबी आणि मसूरही आहेत. पुढे कित्येक शतके अशा याद्या बनत राहिल्या.

ठोस पुरावा हाती आला तो विसाव्या शतकात, आणि तोही एका भयंकर रोगामुळे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा पसरला होता. त्वचा सोलवटायची, जुलाब लागायचे आणि शेवटी बुद्धिभ्रम व्हायचा. रोगी मनोरुग्णालयात पोहोचायचे. हा संसर्ग आहे असेच बहुतेक डॉक्टर मानत होते. १९१५ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांना निकृष्ट आहार देऊन तो रोग उत्पन्न करून दाखवला गेला, तरी विरोध शमला नाही. १९३७ मध्ये नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण निश्चित झाले. ताटात एक गोष्ट कमी पडल्याने माणसाचे भान हरपते, ही गोष्ट त्या काळी किती मोठी होती, याची आज नीट कल्पना येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणखी एक प्रयोग झाला. शस्त्र हाती घ्यायला नकार देणारे ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण संशोधकांना अधिक चकित केले ते त्यांच्या मनाने. हसतीखेळती मुले चिडचिडी, एकलकोंडी, उदास झाली. काहीजण पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही मन लगेच ताळ्यावर आले नाही.

यानंतर सेरोटोनिन आले, आणि आजचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो. हे द्रव्य १९४८ मध्ये रक्तद्रवातून वेगळे केले गेले. रक्तवाहिन्या आकुंचित करते म्हणून त्याला हे नाव मिळाले. मनाशी त्याचा संबंध कुणी लावलाच नव्हता. १९५३ मध्ये ते मेंदूत सापडले. पुढे नैराश्यावरची औषधे त्याच्यावर काम करतात असे दिसले, आणि लोकांच्या बोलण्यात ते 'हॅपी हार्मोन' होऊन बसले. केळी खा, सेरोटोनिन वाढेल, हा सल्ला इथूनच निघाला.

केळ्यात सेरोटोनिन असते, हे खरे आहे. पण खाल्लेले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते आणि तिथे त्याचे काम आतड्याची हालचाल सांभाळण्याचे आहे. मेंदूला आपले सेरोटोनिन स्वतःच बनवावे लागते, ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकापासून. मग अंडी, चीज असे ट्रिप्टोफॅन असलेले पदार्थ खावेत का? तेही इतके सरळ नाही. मेंदूच्या दाराशी ट्रिप्टोफॅनला इतर मोठ्या अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, आणि प्रथिनांत ती आम्ले कितीतरी जास्त असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवरच्या प्रयोगांत उलटाच प्रकार दिसला. नुसत्या पिष्टमय जेवणानंतर इन्शुलिन स्रवते, प्रतिस्पर्धी आम्ले स्नायूंकडे ओढली जातात आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. जेवणात थोडी प्रथिने आली की हा परिणाम पुसला जातो. माणसाचे जेवण सहसा मिश्रच असते, त्यामुळे 'सेरोटोनिन वाढवणाऱ्या पदार्थां'च्या बहुतेक याद्यांना आधार उरत नाही. त्या अजूनही छापल्या जातात, याचे मला वाईट वाटते, कारण त्या वाचणारा माणूस अनेकदा खरोखर त्रासात असतो.

ट्रिप्टोफॅनच्या गोळ्याही निघाल्या. झोप आणि मन सुधारावे म्हणून त्या सर्रास घेतल्या जात. १९८९ मध्ये त्या घेणाऱ्यांत स्नायूंच्या तीव्र वेदनांचा एक नवाच आजार आढळला. अमेरिकेत पंधराशेहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले. बहुतांश प्रकरणांचा माग एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत लागला.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रश्न विचारण्याची रीत बदलली. एकेका पदार्थाऐवजी संपूर्ण आहार पाहिला जाऊ लागला. २००९ मध्ये युरोपातल्या दोन मोठ्या पाहण्यांत असे दिसले, की भाज्या, फळे, कडधान्ये, मासे असा आहार असणाऱ्यांत नैराश्य कमी आढळते. पण नैराश्य आले की खाणेही बिघडते, तेव्हा आधी काय, याचे उत्तर पाहणीतून मिळत नाही. ते शोधणारी ऑस्ट्रेलियातील चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी निम्म्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत मिळाली, निम्म्यांना केवळ सोबत आणि गप्पा. पहिल्या गटातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांचे नैराश्य ओसरले, दुसऱ्या गटात आठ टक्क्यांचे.

माझ्या मते हा या विषयातला सर्वांत आशादायक आकडा आहे. मात्र संख्या लहान होती, आणि आपण काय खातो आहोत हे भाग घेणाऱ्यांना माहीत होते, त्यामुळे अपेक्षेचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. गोळ्यांच्या बाबतीत तशी अडचण नसते, कारण तुलनेसाठी हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या देता येतात. २०१९ मध्ये युरोपातील हजारावर जणांच्या चाचणीत पोषक घटकांच्या गोळ्यांनी नैराश्य टळले नाही. २०२१ मध्ये अठरा हजारांवर प्रौढांच्या अमेरिकी चाचणीत माशांच्या तेलात असणाऱ्या ओमेगा-३ या मेदाम्लांनीही ते टळले नाही.