बॉयकॉट नावाचा माणूस

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचं आडनाव. चार्ल्स बॉयकॉट हा सैन्यातून बाहेर पडलेला इंग्रज, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. कुळांकडून खंड वसूल करणं हे त्याचं काम. १८८० साली नापिकीने गांजलेल्या कुळांनी २५ टक्के सूट मागितली, लॉर्डसाहेब १० टक्क्यांवर अडून बसले. सप्टेंबरात जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा त्या बजावायला आलेल्या माणसाला बायकांनी चिखल-शेण फेकून पिटाळलं.

त्याच्या दोनतीन दिवस आधीच आयर्लंडमधल्याच एनिस गावच्या सभेत कुळांच्या चळवळीचे पुढारी पार्नेल यांनी मार्ग सांगितला होता: बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा व्यवहार ठेवू नका. मेयोत तो प्रयोग कारभाऱ्यावरच झाला. गडी काम टाकून गेले. लोहार घोड्याला नाल मारेना, धोबीण कपडे घेईना, जवळच्या बॅलिनरोबचे दुकानदार सामान देईनात. मारहाण नाही, जाळपोळ नाही. त्यामुळे पोलिसांनी पकडायचं तरी कोणाला?

बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं आणि प्रकरण देशभर गाजलं. त्याचं पीक काढायला उत्तरेकडून ५० स्वयंसेवक आले, त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक. सुमारे ५०० पौंडांच्या बटाटे-सलगमांसाठी तेव्हाच्या अंदाजाने १०,००० पौंड खर्च झाले! नोव्हेंबरच्या अखेरीस बॉयकॉट निघाला तेव्हा भाड्याने गाडीवान मिळेना, लष्कराच्या गाडीतून जावं लागलं.

शब्द घडवला तो गावचे पाद्री जॉन ओमॅली यांनी. जेम्स रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार त्यांच्याकडे जेवायला होता. अशा वाळीत टाकण्याचा रूढ इंग्रजी शब्द कुळांना जड जाईल, मग काय म्हणावं, असा प्रश्न त्याला पडला होता. बॉयकॉटच्या नावानेच म्हणू या, असं पाद्रीबुवांनी सुचवलं. नोव्हेंबरात तो शब्द ‘टाइम्स’मध्येही छापून आला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन आणि जपानी भाषांनीही तो जवळपास तसाच उचलला.

वाळीत टाकणं आपल्याला नवं नव्हतं. पण आपल्याकडे ते हत्यार बहुधा जातपंचायतीच्या, म्हणजे बळकटांच्या हातात असायचं. मेयोत ते कुळांच्या हाती आलं, हा फरक मला मोठा वाटतो. १९०६ च्या कोलकाता काँग्रेसनंतर स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बहिष्कार टिळकांच्या चतुःसूत्रीत बसला, तो याच दुसऱ्या अर्थाने.