किल्लीवाला : व्यवसाय आणि हत्यारे

हरवलेल्या किल्लीचे कुलूप न फोडता उघडणारा, त्याला नवी किल्ली घडवून देणारा आणि बिघडलेले कुलूप दुरुस्त करणारा कारागीर. चावीवाला हेही त्याचेच नाव. पदपथावरची लाकडी पेटी, कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे, शिकंजा आणि दोन-चार कानशी एवढ्यावर त्याचे दुकान उभे राहते. या साध्या मांडणीमुळे त्याच्या हातातली विद्या कमी लेखली जाते, आणि ते अन्यायाचे आहे.

दाराच्या लॅचमध्ये बहुधा पिनांचे कुलूप असते. अमेरिकेतील धाकटे लायनस येल यांनी १८६० च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. मूळ कल्पना मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत सापडते. किल्लीसोबत फिरणाऱ्या नळकांड्याला स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या जोड्या अडवून धरतात. योग्य किल्ली आत गेली की प्रत्येक जोडीतला सांधा नळकांड्याच्या कडेला येतो आणि वाट मोकळी होते. कारखान्यात पिनांची छिद्रे कितीही काळजीने पाडली तरी ती तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. म्हणून किल्लीशिवाय उघडताना पातळ पोलादी पट्टीने नळकांड्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम न अडकता एखादीच आधी अडकते. वाकड्या टोकाच्या सळईने ती उचलायची, मग पुढची शोधायची. नवशिके पीळ फार जोरात देतात, आणि तिथेच फसतात.

आपल्याकडच्या अनेक कुलपांत पिनांऐवजी लीव्हर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीलाच उचलली गेली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. उत्तर प्रदेशातील अलीगढ तर कुलपांचे गाव म्हणूनच ओळखले जाते.

सळईने कुलूप उघडले तरी गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली येत नाही, आणि ते आलेले असते किल्लीसाठीच. त्यामुळे या धंद्यातली खरी विद्या ठशाची. कोरी किल्ली कानशीने गुळगुळीत करून कुलपात घालतात, पीळ देऊन हलवतात आणि बाहेर काढून उजेडात धरतात. पिन किंवा पट्टी जिथे घासली तिथे बारीक खूण उमटते. तेवढीच जागा कानसायची, पुन्हा घालायची, पुन्हा बघायची. खूण उमटेनाशी झाली की त्या जागेची खोली जुळली. एक घासणी जास्त झाली तर किल्ली वाया जाते. म्हणून शिकणाऱ्याने आधी कानस सरळ धरायला शिकावे, मग कुलपे खोलून जोडावीत. पिनांच्या सरावासाठी एक सोडून बाकीच्या पिना काढून ठेवाव्यात, आणि हात बसेल तशी एकेक परत घालावी.

ही विद्या झाकून ठेवावी की नाही, हा वाद जुना आहे. इंग्लंडमधील कुलूपकार जोसेफ ब्रामा यांच्या कंपनीने लंडनमधील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ते उघडणाऱ्याला २०० गिनींचे (गिनी म्हणजे जुने ब्रिटिश सोन्याचे नाणे) बक्षीस लावले होते. ते अनेक दशके कोणाला उघडले नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी लंडनला आलेले अमेरिकी कारागीर आल्फ्रेड हॉब्ज यांनी आधी चब या इंग्लिश कंपनीचे कुलूप २५ मिनिटांत उघडले आणि मग ब्रामाचे १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तासांत. ‘यामुळे चोरांना वाट दाखवली’ अशी ओरड झाली. चोरांना हे आधीच ठाऊक असते, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा, असे हॉब्ज यांचे म्हणणे होते. पुढच्या काळात कुलपे सुधारली, ती अशाच परीक्षांमुळे.

आज अनेक देशांत कुलूप उघडणे हा छंदही आहे. जर्मनीत १९९७ मध्ये त्याचा क्रीडासंघ स्थापन झाला. छंदिष्टांचे दोन नियम कडक आहेत : स्वतःचे किंवा परवानगी मिळालेलेच कुलूप उघडायचे, आणि रोजच्या वापरातल्या कुलपावर सराव करायचा नाही. भारतीय न्याय संहितेत गृह-अतिक्रमणासाठी कुलूप उघडणे घरफोडीत मोडते. जाणता किल्लीवाला म्हणूनच घर कोणाचे हे शेजाऱ्यांना विचारून घेतो, आणि साबणावर किंवा मेणावर उठवलेला ठसा घेऊन कोणी आले तर त्यावरून किल्ली करून देत नाही.