मुतखडा फुटतो, पण आतले जंतू कुठं जातात?

आमच्या मामांचं मुतखड्याचं ऑपरेशन ठरलेलं, निपाणीहून पहाटेच्या बसनं उपाशीपोटी बेळगावला आले, आणि डॉक्टर म्हणाले लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू आलेत, आधी आठवडाभर औषध घ्या मग बघू. परत जाताना मामा तणतणत होते, "उगंच लांबवालेत बघ, हुलग्याचं पाणी पिऊन वर्ष काढलं, आता हे नवीन." खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं.

पण खडा म्हणजे नुसता दगड नव्हे. काही खडे तर जंतूच बनवतात. प्रोटियससारखे जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात, लघवी अल्कलाइन होते आणि मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट यांचा स्ट्रुव्हाइट नावाचा खडा धरतो, तो वाढत वाढत हरणाच्या शिंगासारखा किडनीभर पसरतो. नेहमीच्या कॅल्शियमच्या खड्यातही जंतू चिकट थर करून बसलेले असू शकतात, तिथं औषध नीट पोचत नाही. म्हणून लघवीचं कल्चर क्लीन येतं आणि काढलेल्या खड्याच्या तुकड्यात मात्र जंतू सापडतात, असंही होतं.

आता दुर्बिणीतून लेझरनं खडा फोडताना समोरचं स्वच्छ दिसावं म्हणून आत सलाईन सतत सोडावं लागतं. उसाला ठिबक केलेल्यांना हे पटकन कळेल, पुढं कचरा अडकलाय आणि मोटर चालूच ठेवली तर पाणी कुठल्यातरी जॉइंटमधून फुटणारच. किडनीतही तसंच, प्रेशर वाढलं की जंतूंसकट पाणी उलटं रक्तात घुसतं, त्यातून सेप्सिस झाला, म्हणजे जंतूंमुळं अंगातले अवयवच बिघडायला लागले, तर जिवावर बेततं. म्हणून पाणी परत बाहेर यायला वाट राहील अशी नळी घालतात, हल्ली सक्शनवाल्या पण नळ्या आल्यात, आणि ऑपरेशन फार लांबलं तर उरलेला खडा दुसऱ्या खेपेला काढतात. नातेवाईक बाहेर वैतागतात, एकदाच का नाही काढला म्हणून, पण ते बरोबरच असतं.

कल्चर देताना पहिली धार सोडून मधली डबीत घ्यायची. त्याआधी मेडिकलवाल्याकडनं दोन-चार अँटीबायोटिक गोळ्या घेऊन खाल्ल्या असतील तर रिपोर्ट फसतो, तेव्हा डॉक्टरांपासून लपवू नका. कल्चर क्लीन असेल तर बहुतेकांना ऑपरेशनच्या आधी तासाभरात दिलेला एक डोस पुरतो, घरी नेऊन आठवडाभर खायला "स्ट्राँग गोळ्या" मागण्यात काही अर्थ नाही, उलट जंतू निगरगट्ट होतात. शुगरवाल्यांनी मात्र शुगर आटोक्यात आणूनच जावं.

ऑपरेशननंतर लघवी तुंबू नये म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत काही दिवस बारीक नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. त्या स्टेंटमुळं लघवीला जाताना कंबरेत कळ येते, लघवी थोडी लालसर होते, त्याला घाबरायचं कारण नाही. पण हुडहुडी भरून ताप आला, 100.4 च्या वर, धाप लागली, माणूस बरळायला लागला किंवा लघवीच कमी झाली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. खानापूरकडच्या वाडीतनं रात्री गाडी मिळणं अवघड असतं हे माहीत आहे, तरी निघा. ऑपरेशनच्या आधीही, खडा अडकून ताप आला तर तसंच. तिथं डॉक्टर खडा फोडत नाहीत, आधी स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबलेली लघवी काढतात, खड्याचं नंतर बघतात.

आणि तो स्टेंट! वेळेत काढला नाही तर त्याच्यावरही जंतूंचा थर बसतो, वर खडाही चढतो. दुखायचं थांबलं की लोक विसरतात, त्यात ऊसतोडीचा सीझन असला की मग विचारूच नका. मामांची तारीख मामींनी कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारीच लिहून ठेवली होती. त्या दिवशी कारखान्याची टोळी नेमकी आमच्या फडात आलेली, मामा म्हणाले पुढच्या आठवड्यात जातो की. मामींनी फाईल पिशवीत घातली आणि बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या.