जुनी टियागो ईव्ही घ्यावी की जुनी ई-सी३?

पेट्रोलची जुनी गाडी बघताना आपण मॉडेलचं साल, धावलेले किलोमीटर आणि इंजिनाचा आवाज बघतो. इलेक्ट्रिक गाडीत तिसरी गोष्ट नसतेच आणि पहिल्या दोन फसवू शकतात. रोज रात्री घरच्या प्लगवर भरलेली, ४० हजार किलोमीटर धावलेली गाडी एखाद्या १५ हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते, जर ती कमी धावलेली गाडी उन्हाळाभर १०० टक्के चार्ज करून उघड्यावर उभी असेल तर.

टाटाची टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये आली, सिट्रोएनची ई-सी३ फेब्रुवारी २०२३ मध्ये. टियागोत १९.२ किंवा २४ किलोवॅट-तासांची बॅटरी, ई-सी३ मध्ये २९.२ ची. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. बाजारात आल्या तेव्हाची कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर, २४ च्या टियागोला ३१५ किलोमीटर आणि ई-सी३ ला ३२० किलोमीटर. म्हणजे पाच युनिटं जास्त भरूनही ई-सी३ फक्त पाच किलोमीटर पुढे जाते. ती मोठी आणि जड आहे, जागाही तशीच ऐसपैस: डिकी ३१५ लिटरची, टियागोची २४०. रस्त्यावर दोन्ही गाड्या कागदाच्या बऱ्याच अलीकडे थांबतात. शहरात एसी लावून टियागोला २०० किलोमीटरच्या आसपास धरावं, हायवेला शंभरच्या वेगाने त्याहून कमी.

खरा फरक गाडीच्या पोटात आहे. दोन्हींचे सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी. हे रसायन टिकाऊ आहे, पण उष्णता त्यालाही मानवत नाही. सेलमध्ये ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पातळ थर जमत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. तापमान आणि चार्जची पातळी जितकी वर, तितका हा थर लवकर वाढतो, गाडी उभी असली तरीही. टियागोच्या बॅटरीभोवती कूलंट फिरतं. ई-सी३ ची बॅटरी हवेवरच थंड होते. पुण्यात किंवा कोकणात घरी सावकाश चार्ज होणाऱ्या गाडीला याने फारसं बिघडत नाही. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दिवसातून दोनदा फास्ट चार्ज झालेल्या ई-सी३ चं मात्र बिघडू शकतं.

असा वापर बहुधा टॅक्सीचा असतो, म्हणून आधी नंबरप्लेट बघा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. व्यावसायिक गाडी नंतर खासगी करून घेतलेली असू शकते, तेव्हा आरसीचा इतिहास परिवहन पोर्टलवर आणि जुन्या विमा पॉलिसीत तपासा. टॅक्सीत धावलेली गाडी वाईटच असते असं नाही, पण तिची किंमत त्या हिशेबाने ठरायला हवी.

आता बॅटरी मोजायची कशी? विक्रेत्याला सांगून गाडी आदल्या रात्री स्लो चार्जरवर १०० टक्के भरून घ्या आणि १०० दिसल्यावरही तास-दोन तास प्लग काढू नका. एलएफपी सेलचा व्होल्टेज साधारण २० ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यात जवळजवळ एकाच जागी, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास, रेंगाळतो. त्यामुळे किती चार्ज उरला हे गाडीला व्होल्टेजवरून नीट कळत नाही. आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा ती हिशेब ठेवते. या हिशेबात चूक साठत जाते आणि पूर्ण चार्ज झाल्यावरच तो जुळतो. महिनोन् महिने ४० ते ८० टक्क्यांत खेळवलेली गाडी ३० वरून एकदम १२ वर येते आणि घेणारा घाबरतो. एवढ्यावरून बॅटरी गेली असं म्हणता येत नाही.

मग गाडी २० टक्क्यांपर्यंत चालवा आणि युनिट मोजणाऱ्या स्लो चार्जरवर परत १०० पर्यंत भरा. समजा टियागोने २०.५ युनिटं घेतली. भिंतीपासून सेलपर्यंत साधारण १२ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणजे आत १८ युनिटं पोचली. ही ८० टक्क्यांची भर, तेव्हा पूर्ण बॅटरी २२.५ युनिटांची, म्हणजे मूळच्या ९४ टक्के. ई-सी३ ने तशाच २० ते १०० टक्क्यांच्या भरण्यात २३.५ घेतली तर तिचं उत्तर साधारण ८८ टक्के येतं. या पद्धतीत चार-पाच टक्क्यांची चूक धरावीच लागते आणि नवी गाडीही पूर्ण १०० दाखवणार नाही, कारण थोडी क्षमता राखीव असते. त्यामुळे ९४ आणि ९१ वर वाद घालू नका. ९४ आणि ८४ असेल तर किंमत पाडून मागा, किंवा सोडून द्या.

अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या प्रकृतीची छापील नोंद मिळाली तर उत्तमच. कोणी ओबीडी (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावून सेलमधला व्होल्टेजचा फरक दाखवत असेल तर तो किती चार्जवर दाखवतोय ते बघा. ५० टक्क्यांवर एलएफपीचे सगळे सेल सारखेच दिसतात. १५ टक्क्यांच्या खाली आणून गाडी थोडा वेळ उभी ठेवा. तिथे एखादा सेल इतरांपेक्षा १०० मिलिव्होल्टने खाली असेल तर तोच पुढे अख्ख्या बॅटरीला अडवणार.

फास्ट चार्जरवरही एकदा नेऊन आणा. दोन्ही गाड्या १० ते ८० टक्के तासाभरात भरतात असा कंपन्यांचा दावा आहे. म्हणजे सरासरी वेग टियागोला १७-१८ किलोवॅट आणि ई-सी३ ला २०-२१. ३०, ५० आणि ७० टक्क्यांवर स्क्रीनवरचा आकडा टिपून ठेवा. चार्जर ठीक असताना मध्येच तो निम्म्यावर आला तर बॅटरी तापली आहे किंवा एखादा सेल अडतोय.

बाकी तपासणी अर्ध्या तासाची. चार्जिंग सॉकेटच्या पिनांवर तपकिरी डाग नकोत. टियागोची कूलंटची बाटली खुणेच्या खाली असेल तर गळती शोधा. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या तळाला खरचटलंय का पाहा. सीटबेल्ट पूर्ण ओढून मुळाशी गाळ दिसला तर ती पुरातली गाडी. रिजनमुळे, म्हणजे गाडी मंदावताना मोटरच वीज परत बॅटरीत भरते त्यामुळे, ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून पुढच्या डिस्कवर गंज असतो. तो घासून न जाता खड्डे दिसले तर डिस्क बदलण्याचा खर्च धरा.

सुरक्षेचे तारे तोलताना घाई नको. ई-सी३ ला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या चाचणीत प्रौढांसाठी शून्य तारे मिळाले. टियागोचे चार तारे २०२० मधले, पेट्रोल गाडीचे आणि जुन्या, सौम्य निकषांचे. दोन्ही आकडे एका तराजूत बसत नाहीत, तरी शून्य हे शून्यच.

बॅटरीची वॉरंटी टियागोला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, ई-सी३ ला ७ वर्षं किंवा १ लाख ४० हजार. दुसऱ्या मालकाला ती मिळते का आणि व्यावसायिक वापराला अट काय, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत वाचा. सर्व्हिस सेंटरचं जाळं टाटाचं खूपच दाट आहे, त्यामुळे आमचा कौल लहान गावात २४ च्या टियागोलाच. घरी प्लग असेल, माणसं पाच असतील आणि गाडी खासगी वापरातली असेल तर ई-सी३ वाजवी किमतीत घेण्यासारखी आहे.

टोकन देण्याआधी गाडी एकदा स्वतःच्या सोसायटीत आणून, सोबत मिळणाऱ्या मूळ चार्जरने १५ अँपिअरच्या प्लगवर लावून पाहा. अर्थिंग कच्चं असलं तर चार्जर लाल दिवा लावून बसतो. तो दोष गाडीचा नसतो, पण वायरमनचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.