विद्यापीठातील ये-जा : एकट्याच्या गाडीला पर्याय

विद्यापीठात शिकायला, शिकवायला किंवा नोकरीला येणारा माणूस रोज स्वतःच्या गाडीत एकटाच येत असेल, तर त्याला दुसऱ्या मार्गाने येता यावे म्हणून केलेली व्यवस्था. यात बस-रेल्वेचा पास, कारपूल (काही जणांनी मिळून एकाच गाडीने येणे), व्हॅनपूल (तेच व्हॅनमधून), सायकल, आवारातली बस आणि अडीअडचणीला घरी सोडण्याची हमी येते. या सगळ्याच्या मुळाशी मात्र पार्किंगची आकारणी असते. ती चुकली तर बाकीच्या सोयी कागदावरच राहतात. अमेरिकेतील विद्यापीठांनी १९९० नंतर या विषयाची घडी बसवली, म्हणून नोंदीतली बरीच उदाहरणे तिथली आहेत.

कारखान्यापेक्षा विद्यापीठ दोन बाबतींत वेगळे. हजारो माणसे एकाच पत्त्यावर येतात, सगळ्यांकडे एकच ओळखपत्र असते आणि पार्किंगची मालकीही एकाच संस्थेकडे असते. ही सोय झाली. अडचण वेळापत्रकाची. सोमवारी सकाळी आठचा तास, मंगळवारी दुपारी दोनचा, बुधवारी प्रयोगशाळेत रात्र. पाळीच्या कामगारांसारखा ठरलेला गट विद्यार्थ्यांत टिकत नाही. कारपूल आणि व्हॅनपूल खरे तर कर्मचाऱ्यांच्या कामाचे. विद्यार्थ्यांना बस आणि सायकल सोयीची पडते.

पार्किंग

एक मोटार उभी करायला, आत-बाहेरची वाट धरून, साधारण ३०० ते ३५० चौरस फूट जागा लागते. खुद्द गाडीसाठी आखलेल्या चौकटीत दहा-बारा सायकली उभ्या राहतात. एवढी महाग जागा बहुतेक ठिकाणी वार्षिक परवान्यावर विकली जाते आणि घोळ इथेच होतो. वर्षाचे पैसे एकदा भरले की गाडी घरी ठेवून काहीच वाचत नाही; उलट बसने आलो तर भरलेले पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. म्हणजे परवाना हाच रोज गाडी आणण्याचा आग्रह होऊन बसतो.

यावरचा सर्वांत स्वच्छ उपाय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने सप्टेंबर २०१६ मध्ये केला. कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रातच बॉस्टनच्या बस-मेट्रोची चिप बसवून तो प्रवास मोफत केला आणि त्याच वेळी बहुतेक पार्किंग दिवसाच्या दराने, १० डॉलरला, विकायला सुरुवात केली. वर्षभरात एकूण किती पैसे कापले जातील यावर कमाल मर्यादा घातली, त्यामुळे रोज गाडी आणणाऱ्यालाही धास्ती उरली नाही. संस्था वाहतूक मंडळाला प्रत्यक्ष झालेल्या प्रवासाचे पैसे देते, सरसकट पासांचे नाही. अशाने निर्णय वर्षातून एकदा नव्हे, रोज सकाळी होतो.

कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. भाड्याने घेतलेली पार्किंगची जागा कर्मचाऱ्यांना फुकट देणाऱ्या मोठ्या मालकाने, ती नको म्हणणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्यावेत, असा कायदा केला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डोनाल्ड शूप यांनी ही कल्पना मांडली होती.

दर वाढवताना एक चूक हमखास होते. आवारात पैसे लागू लागले की गाड्या शेजारच्या गल्ल्यांत शिरतात आणि रहिवासी चिडतात. आसपासच्या रस्त्यांवर रहिवाशांपुरते पार्किंग आधी ठरवून मगच दर बदलावेत.

सर्वांचा पास

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये ‘यू-पास’ सुरू केला. सगळ्यांनी थोडे-थोडे भरायचे आणि ओळखपत्र दाखवून कितीही प्रवास करायचा. पास स्वस्त पडतो तो सगळे भरतात म्हणून. ज्यांना हवा त्यांनीच घ्यावा असे केले की रोज लांबचा प्रवास करणारेच उरतात, माणशी खर्च चढतो, आणखी लोक सोडतात. याच कारणाने २०११ पासून तो विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. आवाराला लागून राहणाऱ्यांची तक्रार असते, की आम्ही चालतच येतो, आम्ही का भरावे? तक्रार रास्त आहे, पण पास सगळ्यांचा राहिला तरच चालतो. पुढे आवाराला लागून लाइट रेल्वेचे स्थानक झाले (मार्च २०१६), तेव्हा पास आधीच खिशात होता.

कारपूल आणि व्हॅनपूल

कारपूलला सवलतीचा परवाना दिला की दोघे नावे नोंदवतात आणि एकटाच गाडी आणतो. म्हणून गटाला आरशाला अडकवायचा एकच टॅग द्यावा. तो ज्या गाडीत असेल तीच आत येईल. प्रत्येकाला सत्रात मोजके एकदिवसीय पासही द्यावेत. मुलाला डॉक्टरकडे न्यायचे असेल त्या दिवशी स्वतःची गाडी आणता आली नाही, तर माणूस गटच सोडतो.

व्हॅनपूलमध्ये व्हॅन संस्थेची किंवा वाहतूक मंडळाची असते आणि चालक प्रवाशांपैकीच एक. अमेरिकी करसवलतीसाठी चालक सोडून किमान ६ प्रौढांची आसने लागतात, ८० टक्के धाव कामावर ये-जा करण्याची असावी लागते आणि त्या वेळी निम्मी आसने भरलेली असावी लागतात. एक चालक, किमान एक बदली चालक आणि हिशेब ठेवणारा अशी तीन माणसे पक्की नसतील तर व्हॅन सुरू करू नये. घरोघरी थांबत गेले की पहिल्या प्रवाशाचा अर्धा तास जातो. त्यापेक्षा हमरस्त्यालगतच्या एका मैदानावर सगळ्यांनी जमावे. दोघे सोडून गेले की उरलेल्यांचा वाटा वाढतो आणि गट महिन्याभरात मोडतो, म्हणून इच्छुकांची यादी सतत हाताशी हवी.

यांच्या जोडीला घरी सोडण्याची हमी लागतेच. अचानक आजारपण आले किंवा काम लांबले तर टॅक्सीचे पैसे संस्था देते, वर्षातून ठरावीक वेळा. आधी ठरलेल्या कामाला ती लागू नसते. लोक ती फार क्वचित वापरतात, पण तिच्यावाचून गाडी घरी ठेवायचा धीर होत नाही.

सायकल

कॅलिफोर्नियातील डेव्हिस शहराने १९६७ मध्ये रस्त्यावर सायकलची वेगळी पट्टी आखली, अमेरिकेत पहिल्यांदा. तिथल्या विद्यापीठाने आवाराचा मध्यभाग मोटारींना बंद केला आणि वाटा मिळतात तिथे सायकलींसाठी गोल चौक बांधले. विद्यार्थी चालवत असलेली युनिट्रान्स ही बससेवा १९६८ मध्ये लंडनच्या जुन्या दुमजली गाड्यांवर सुरू झाली.

सायकल सोडून देण्याचे मोठे कारण म्हणजे चोरी. यू आकाराचे कुलूप मागच्या चाकातून आणि चौकटीच्या त्रिकोणातून एकदम घालून स्टँडला अडकवावे. नुसते पुढचे चाक बांधले तर चाक तिथेच राहते आणि सायकल जाते. अमेरिकेत बसच्या पुढच्या रॅकवर दोन किंवा तीनच सायकली मावतात. रॅक खाली पाडायचा, चाके खोबणीत बसवायची आणि स्प्रिंगचा दांडा पुढच्या चाकावर ओढायचा. रॅक भरला असेल तर पुढच्या बसची वाट पाहावी लागते.

महाराष्ट्रात

इथे ‘एकट्याची गाडी’ म्हणजे बहुधा दुचाकी, आणि सर्वांत जुना पर्याय म्हणजे रेल्वेचे सीझन तिकीट. विद्यार्थ्याला ते निम्म्या दरात मिळते. महाविद्यालयाकडून शिक्क्याचा कन्सेशन फॉर्म घ्यायचा; त्यावर घराजवळचे आणि संस्थेजवळचे स्टेशन लिहिलेले असते आणि पास तेवढ्याच टप्प्याचा मिळतो. तीन महिन्यांचा पास मासिक दराच्या २.७ पट असतो. पास खिशात आणि ओळखपत्र घरी असेल, तर टीसी पास ग्राह्य धरत नाही. एसटीच्या पासावर विद्यार्थ्याला भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो.

कमतरता असते ती शेवटच्या किलोमीटरची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे. गणेशखिंडीच्या फाटकाशी बसमधून उतरून विभागापर्यंत उन्हात चालायचे म्हटले की दुचाकी जवळची वाटते. २०१७ च्या डिसेंबरात तिथे भाड्याच्या सायकली आल्या, पण फार टिकल्या नाहीत. पवईच्या आयआयटीत आवारातल्या बसला ‘टमटम’ म्हणतात. अशी बस फाटकावर बसथांब्याशी जुळवून सोडली, तर बाहेरची बसही भरते.

कारपूल करताना आपल्याकडे एक खबरदारी हवी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत आणि भाडे घेतल्याचे दिसले तर खासगी गाडीचा विमा अपघातात दावा नाकारू शकतो. सहकाऱ्यांनी आळीपाळीने आपापली गाडी काढावी. म्हणजे पैशांची देवघेवच होत नाही.