वेअर लेव्हलिंग

वेअर लेव्हलिंग : एसएसडीच्या, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी मेमरी चिपांवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हच्या, सगळ्या मेमरी ब्लॉकांवर लिहिण्या-पुसण्याचा भार सारखा पडावा म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर (कारभार पाहणारी चिप) आतल्या आत करीत असलेली वाटणी. मराठीत तिला झीजवाटणी म्हणता येईल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मात्र इंग्रजी नावच चालते. या तंत्राने सेलचे, म्हणजे माहिती धरून ठेवणाऱ्या चिपेतल्या सर्वांत लहान घराचे, आयुष्य वाढते हा गैरसमज आहे. एकाही सेलचे वाढत नाही. वाढते ते अख्ख्या ड्राइव्हचे, कारण चार ब्लॉक अकाली मेले आणि बाकीचे कोरेच राहिले, असे होत नाही.

एसएसडीतली नँड फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी विकसित केली आणि १९८७ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या सेलमध्ये ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातून इलेक्ट्रॉन आत ढकलले की माहिती लिहिली जाते, बाहेर ओढले की पुसली जाते. दर खेपेला थर थोडा बिघडतो, काही इलेक्ट्रॉन त्यातच अडकतात आणि शेवटी आत काय लिहिले आहे ते नीट वाचता येईनासे होते. एका सेलात एकच बिट ठेवणारी एसएलसी मेमरी लिहिण्या-पुसण्याच्या ढोबळमानाने १ लाख फेऱ्या सोसते. तीन बिटांची टीएलसी १ ते ३ हजार. चार बिटांची क्यूएलसी हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी. एका सेलात जास्त बिट कोंबले की ड्राइव्ह स्वस्त पडतो; ती स्वस्ताई अशी सेलच्या अंगावर येते.

शिवाय लिहिता येते एका पानावर, पण पुसायचा तो शेकडो पानांचा सबंध ब्लॉक; पाटीवरचे एक अक्षर बदलायला पाटीच धुवावी, तसे. आता बेळगावच्या रविवार पेठेतल्या एखाद्या घाऊक दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर घ्या. दर बिलाला तीच ती हिशेबाची फाइल बदलते. त्या बदलासाठी सेकंदाला एकदा एकच ब्लॉक पुसून लिहिला असता, तर हजार फेऱ्यांचा ब्लॉक १६ मिनिटे ४० सेकंदांत संपला असता. म्हणजे दुकान उघडून पहिला चहा येईपर्यंत. तसे होत नाही, कारण कंट्रोलर नवी नोंद दुसऱ्याच, कमी झिजलेल्या ब्लॉकवर उतरवतो, जुनी बाद धरतो आणि आपल्या नकाशात पत्ता बदलतो. कॉम्प्युटरला यातले काही कळत नाही. त्याच्या लेखी फाइल जागच्या जागीच असते.

वाटणी दोन तऱ्हेची असते. डायनॅमिक प्रकारात फक्त रिकाम्या होणाऱ्या ब्लॉकांतून कमी झिजलेला निवडला जातो. चोर्ला घाटातून गोव्याला माल नेणाऱ्या पिकअपचे चारही टायर ड्रायव्हर आलटूनपालटून लावतो, तसेच हे. पण स्टेपनी तशीच कोरी राहते. ड्राइव्हमधली स्टेपनी म्हणजे एकदा टाकून विसरलेल्या लग्नाच्या व्हिडिओचे, विंडोजच्या फायलींचे ब्लॉक. त्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून ते तरुण राहतात आणि उरलेल्यांवर दुप्पट-तिप्पट भार येतो. स्टॅटिक प्रकारात कंट्रोलर ही निजलेली माहिती उचलून झिजलेल्या ब्लॉकवर ठेवतो आणि तरुण ब्लॉक कामाला जुंपतो. दाखला इथेच तुटतो: स्टेपनी बदलताना टायर घासत नाही, माहिती हलवताना मात्र एक फेरी खर्ची पडते. म्हणून झिजेतला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय ही हलवाहलव करू नये, हा शहाणपणा कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये घातलेला असतो. चांगला ड्राइव्ह आणि भिकार ड्राइव्ह यांतला पुष्कळसा फरक या प्रोग्रॅमचाच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कंट्रोलरला हालचालीला मोकळी जागा लागते. चिपांचा जीबी १०७ कोटींहून अधिक बाइटांचा आणि खोक्यावरचा १०० कोटींचा. हा साधारण ७ टक्के फरक बहुधा राखीव ठेवलेला असतो. तरी ड्राइव्ह काठोकाठ भरला की एक पान लिहायला अनेक पाने हलवावी लागतात आणि झीज वाढते. ट्रिम सुविधा चालू ठेवावी, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला समजते; विंडोज ७ पासून ती आहे. एसएसडीवर डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणे) करू नये, त्यात नुसत्याच फेऱ्या जातात. हिशेब करून पाहा: २५६ जीबी आणि हजार फेऱ्या म्हणजे २५६ टीबी. रोज २० जीबी लिहिले आणि हलवाहलवीने ते दुप्पट झाले तरी साडेसतरा वर्षे निघतात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळ्यात झिजेपेक्षा खरी भीती अचानक वीज जाण्याची. नकाशा लिहितानाच पुरवठा तुटला तर कोरा ड्राइव्हही गोंधळतो, आणि घरगुती ड्राइव्हमध्ये त्यासाठी क्षणभर वीज पुरवणारे राखीव कपॅसिटर सहसा नसतात.

जुना लॅपटॉप घेताना एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या एसएसडी) ड्राइव्हच्या आरोग्य-नोंदीत ‘पर्सेंटेज यूज्ड’ आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’ हे दोन आकडे बघावेत. पहिला ४ असेल तर अंदाजे आयुष्याचे शंभरातले चार भाग खर्च झाले. तो १०० झाला तरी ड्राइव्ह लगेच बंद पडत नाही. आकडा २५५ पर्यंत जाऊ शकतो. दुसरा १०० वरून उतरू लागला की मात्र बॅकअप त्याच दिवशी घ्यावा.

झीजवाटणीची एक आडबाजू पतसंस्था आणि सोसायट्यांच्या कामाची आहे. खातेदारांची फाइल पुसून त्याच नावाने दुसरी लिहिली तरी जुनी प्रत दुसऱ्या ब्लॉकवर पडून असू शकते, कारण नवे लिखाण तिच्यावर होतच नाही. भंगारात द्यायच्या ड्राइव्हला म्हणून कंट्रोलरचीच ‘सिक्युअर इरेज’ (सबंध ड्राइव्ह पुसण्याची) आज्ञा द्यावी लागते.