पार्श्वभूमी : देगाची कापसाची पेढी आणि दिवाळखोरीचा शिक्का

फ्रेंच चित्रकार एदगार देगाच्या, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या कापसाच्या पेढीच्या चित्रावर (1873) एक शिक्का कायमचा बसला आहे: हे बुडत्या धंद्याचं चित्र. आधार एवढाच, की देगाच्या मामाची आडतीची भागीदारी 1 फेब्रुवारी 1873 रोजी मोडली आणि 18 फेब्रुवारीच्या पत्रात देगा चित्राचं काम चालू असल्याचं लिहितो. मग पेपर वाचत बसलेला देगाचा धाकटा भाऊ त्याच बातमीत गुंतलाय, असंही बिनदिक्कत सांगितलं जातं. तो काय वाचतोय हे चित्रातून कळत नाही.

दिसतं ते चालू काम. पुढ्यात उंच टोपी घातलेला मामा कापसाची चिमूट दोन्ही हातांनी ओढून पाहतोय. ही तंतूची परीक्षा आहे. गाठीतून काढलेल्या नमुन्यातली चिमूट दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून तोडायची, टोकं पुन्हा एकावर एक ठेवून ओढायची, असं तीन-चारदा केलं की तंतू सरळ होतात आणि लांबी नजरेत भरते. ओढताना सहज तुटला तर तंतू कमजोर. रंग आणि कचरा पाहायला स्वच्छ, स्थिर उजेड हवा. पिवळ्या उजेडात डागी कापूसही खपून जातो. मधल्या टेबलावर पसरलेला पांढरा ढीग अशा नमुन्यांचाच आहे. गाठी वखारीत असत, सौदा नमुन्यावर होई आणि गाठीतला माल नमुन्यापेक्षा हलका निघाला की भांडण आडत्याच्या दारात येई.

हा आडत्या नुसता दलाल नव्हता. विक्रीवर साधारण अडीच टक्के आडत घ्यायची, पुढच्या पिकावर उचल द्यायची, मळेवाल्याचं सामानसुमान भरायचं, असा त्याचा व्यवहार. 1861-65 च्या अमेरिकी यादवीनंतर गुलामगिरी संपली आणि ज्या तारणावर ही उचल उभी होती तेच गेलं. (त्याच युद्धात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या आपल्या वऱ्हाडी कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला.) पुढे रेल्वे आणि तारायंत्रामुळे खरेदीदार थेट आतल्या गावांत पोचले. खरं तर उतरती कळा या सगळ्या पद्धतीला लागली होती. एक पेढी मोडल्याची नोटीस तिच्यापुढे फारच लहान गोष्ट. चित्रातल्या चौदा माणसांत कापूस पिकवणारा, वेचणारा एकही नाही, हे मात्र दिवाळखोरीच्या चर्चेत कुणी विचारत नाही.

इतका बारकावा का, याचं उत्तर देगानंच त्या पत्रात दिलंय: मँचेस्टरच्या एखाद्या गिरणीवाल्याला चित्र विकायचं होतं. खतावणीवर वाकलेला माणूस, कागदांची टोपली, हे सारं अशा गिऱ्हाइकाच्या ओळखीचं. ते गिऱ्हाईक मिळालं नाही. सोबतच त्यानं आणखी एक, कमी गुंतागुंतीचं चित्र काढलं आणि कला म्हणून त्यालाच उजवं मानलं. ते आज हार्वर्डच्या संग्रहात आहे.

1876 मध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या दुसऱ्या प्रदर्शनात हे चित्र लागलं, तेव्हा एका टीकाकाराला ते सचित्र वर्तमानपत्राच्या वळणाचं वाटलं. 1878 मध्ये फ्रान्सच्या नैऋत्येकडील पो शहराच्या संग्रहालयानं ते 2,000 फ्रँकना घेतलं. देगाचं चित्र संग्रहालयानं विकत घेण्याची ती पहिलीच वेळ.